मढवींचा पाणवठा

आमच्या नेरूळच्या फोटोग्राफी ग्रुपची वार्षिक स्मरणिका निघतेय. मढवींवर ‘चार चांगले शब्द’ लिहून द्या, असा मेसेज मला आतापर्यंत तीनदा आलाय. तिसऱ्या वेळी तर हात जोडलेल्या इमोजींसकट. मी म्हटलं, अहो, चार कुठून आणू? एकही नाही माझ्याकडे. तर म्हणे, तुम्ही त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त वेळा जंगलात गेलात, तुम्हीच लिहायला हवं. गेले ना. सहा वर्षं गेले. त्या सहा वर्षांत या माणसाकडून मी जेवढं ऐकून घेतलं तेवढं सासूकडून अख्ख्या संसारात ऐकलं नसेल, आणि माझी सासू काही गरीब गाय नव्हती.

तेव्हा मी जे लिहितेय ते स्मरणिकेत छापणार नाहीत, हे धरूनच लिहितेय. सह्याद्रीतल्या एका अभयारण्यात, एका पाणवठ्यावर फाटक्या कानाची एक सांबराची मादी यायची. मढवी अकरा वर्षं त्या एकाच पाणवठ्यावर जाऊन फोटो काढत होते, त्यातली सात वर्षं तिचे. ती गेल्या मे महिन्यात मेली. कुणामुळे मेली ते मला माहितीये. ते गाळून मढवींवर मला एक ओळही लिहिता येणार नाही.

आमची पहिली भेट बेलापूरच्या एका हॉलमध्ये झाली. ग्रुपचं छोटं प्रदर्शन होतं आणि मी हौसेने खाडीवरच्या फ्लेमिंगोंचा फोटो दिला होता. गुलाबी थवा, मागे इमारती, सगळे छान छान म्हणत होते. एक ठेंगणा, काळासावळा माणूस आला. ऑफिसातून थेट आला असावा, खिशाला पेन, हातात डबा. फोटोच्या इतक्या जवळ उभा राहिला की त्याच्या नाकाची वाफ काचेवर दिसायला लागली.

“हे कोनी काढलंय?”

“मी.”

“तुमी काय केलंत यात?”

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, “म्हणजे काय? काढला फोटो.”

“पक्षी उडाले, मशीन चाललं. तुमी कुठं होतात?” एवढं बोलून त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला. “दवाखान्यातल्या क्यालेंडरवर चालंल.”

आजूबाजूला माझ्या सोसायटीतल्या चार बायका उभ्या होत्या. मी बँकेत बावीस वर्षं काढलेली बाई, माणसं माझ्याशी अदबीने बोलतात. माझ्या कानशिलांतून नुसत्या वाफा निघत होत्या. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आता बघतेच याला. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच ग्रुपमध्ये नाव नोंदवलं. रागाने माणूस काय काय करतो!

मढवी सारसोळे गावचे. म्हणजे आमचं नेरूळ नव्हतं तेव्हापासूनचे. त्यांचे वडील मिठागरात राबलेले. जमीन गेली, मिठागर गेलं, तिथे सेक्टर उठले, आणि मुलगा बेलापूरच्या सरकारी कार्यालयात क्लार्क लागला. हे सगळं मला इतरांकडून कळलं. ते स्वतः घरचं काही बोलायचे नाहीत. आमच्यासारख्या बाहेरून येऊन फ्लॅट घेतलेल्यांवर त्यांचा राग असावा असं मला सुरुवातीला वाटायचं. पुढे लक्षात आलं, त्यांचा राग सगळ्यांवरच होता. आम्ही फक्त हाताशी सापडत होतो.

त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमाने त्यांनी ग्रुपमधल्या प्रत्येकाला कधी ना कधी रडवलं. फोटोतला प्राणी कॅमेऱ्याकडे बघत असेल तर तो फोटो बाद. सगळं जग उलटं सांगतं. डोळ्यांत डोळे घालणारं हरीण, त्यालाच बक्षीस. मढवी तसा फोटो पाहिला की कॅमेरा परत करायचे. “ते तुमच्याकडं बगतंय. म्हणजे त्याला कळलंय कोनतरी लपून बसलाय. ही तुमची चोरी पकडली गेलीय. याचा फोटो काय लावता भिंतीवर?” एका बिचाऱ्या इंजिनिअरने ताडोबात जाऊन चितळांचे दोनशे फोटो आणले होते. मढवींनी एकेक पुढे सरकवत सगळे बाद केले आणि शेवटी म्हणाले, “हा पंचनामा हाय.” तो पुन्हा आला नाही.

त्यांचे स्वतःचे फोटो मात्र... आता खोटं कशाला बोलू? त्यांच्या फोटोत ती फाटक्या कानाची मादी मान खाली घालून उभी असायची. पाणवठ्याजवळच्या एका सपाट दगडाशी, पाय जरासे फाकलेले, कान सैल. आपण कुणाच्या घरात खिडकीतून डोकावतोय आणि घरातल्या बाईला पत्ता नाही, असं वाटायचं. मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यांचा इतका राग होता तरी बराच वेळ तिथून हलले नाही. असा फोटो आपल्याला एकदा, फक्त एकदा मिळावा, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. पुढचा सगळा घोटाळा त्या हावरटपणातून झाला.

अभयारण्याचं नाव ते कुणाला सांगू द्यायचे नाहीत. “नाव सांगितलं की मानसं जातात. गेली की वेफर्स खातात.” वर्षातून दोनदा पाच जणांना घेऊन जायचे. तिथला वनरक्षक ढेबे त्यांना देवासारखा मानायचा, म्हणून परवानगी मिळायची. आम्ही पहाटे नेरूळ स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडजवळ जमायचो, तिथे आधी वासाची परीक्षा. मढवी प्रत्येकाच्या जवळ येऊन चक्क हुंगायचे. साबण, शॅम्पू, डिओ, काही म्हणता काही चालायचं नाही. आठ दिवस आधीपासून कपडे साध्या पाण्यात धुवायचे. माझ्या बॅगेतून हँडक्रीम काढून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत. नवीन ट्यूब होती.

कुळकर्णी आजोबांचा किस्सा तर मी जन्मात विसरणार नाही. आमच्यातले सगळ्यात वयस्क, सत्तरीचे. दोन वर्षं नंबर लागायची वाट बघत होते. स्टेशनवर हुंगताना निसटलेला वास असावा, जीप पनवेलच्या पुढे गेली आणि मढवींनी एकदम गाडी थांबवायला लावली.

“बाम कोनी लावलाय?”

कुळकर्णी ओशाळून म्हणाले, “मी हो. गुडघ्याला जरासा. रात्री लावला होता, आता गेला असेल वास.”

“उतरा.”

आम्हाला वाटलं गंमत करतायत. पण हा माणूस गंमत कधी करायचाच नाही. कुळकर्णी म्हणाले, “मी गाडीतच बसून राहतो तिकडे, खाली उतरणारच नाही.” मढवी म्हणाले, “गाडीला पन वास लागंल. उतरा, समोरनं नेरूळची बस मिळंल.” आणि सत्तर वर्षांच्या माणसाला पाठीवरच्या बॅगेसकट हायवेच्या कडेला उतरवलं. मी भांडले. अगदी आवाज चढवून भांडले. त्यावर ते मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाले, “तुमाला पन उतरायचंय काय?”

मी उतरले नाही. कुळकर्णी आजोबा हात हलवत उभे होते, जणू चूक त्यांचीच. मला तो हात अजून दिसतो आणि मढवींचा नव्याने संताप येतो. स्वतःचाही येतो.

त्यांच्या ऑफिसातही एकदा माझी गाठ पडली. आईच्या घराच्या वारस नोंदीचं काम होतं आणि खिडकीत नेमके मढवी. मला बरं वाटलं, आपला माणूस आहे, चटकन होईल. त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, “टोकन?” मी म्हटलं, “अहो मढवी, मी!” तर म्हणे, “वळख जंगलात. इथं टोकन.” अडीच तास बसवलं. मग अर्ज परत केला, का तर जोडपत्रांची यादी लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी परत केला, का तर यादीत आणि कागदांत क्रम वेगळा होता. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने घेतला. लोक म्हणतात, बघा किती सचोटीचा माणूस! असेल बाई. ज्याच्यावर बेतते त्याला सचोटी कौतुकाची वाटत नाही. मला वाटायचं, या माणसाला नियम आवडत नाहीत, नियम लावायला आवडतात. पुढे हे इतकं खरं निघेल असं वाटलं नव्हतं.

होळीच्या आधीचा आठवडा असेल. आम्ही पाच जण अभयारण्यात होतो. डोंगराच्या पोटातून चालत तासाभरावर तो पाणवठा. पानगळ झालेली, खाली नुसता पाचोळा, प्रत्येक पाऊल शोधून टाकावं लागत होतं. पाणवठा शंभर पावलांवर आला की मढवी नेहमी सगळ्यांना बसवायचे आणि एकटे पुढे जायचे. “वारा बगून येतो.” दहा मिनिटांनी परत यायचे आणि कुणी कुठे बसायचं ते बोटाने दाखवायचे. ढेबे सुद्धा त्या दहा मिनिटांत पुढे जायचा नाही.

त्या दिवशी मला करवंदीच्या जाळीमागची जागा मिळाली. आम्ही दोन तास बसलो. पाय बधिर झाले, मानेवर किडे चालत होते, हलायची सोय नाही. आणि मग ती आली. आवाज नाहीच. आधी नव्हती आणि मग होती. मागे तिचं वाढलेलं पिल्लू. मादी थेट त्या सपाट दगडाशी गेली, मान खाली घातली. पिल्लू तिच्या पोटाला घासून उभं राहिलं आणि त्याने पण मान खाली घातली. दोघांची डोकी जवळजवळ. फाटक्या कानातून मागचं ऊन दिसत होतं. मी श्वास धरला आणि बटण दाबलं. तिने बघितलं नाही, पिल्लानेही बघितलं नाही.

परतताना मढवींनी माझा कॅमेरा मागून घेतला. मी तयारीतच होते, आता काय काढतो बघू. ते खूप वेळ बघत राहिले.

“हां,” ते म्हणाले. “हा फोटो.”

सहा वर्षांत एवढंच. आणि मी, पन्नाशीची बाई, शाळेत पहिला नंबर आल्यासारखी आतून फुलून आले. हसू येतं आता स्वतःचं.

थोडं चालल्यावर माझ्या लक्षात आलं, लेन्सचं झाकण जागेवरच राहिलं. मढवी पुढे ढेबेशी बोलत होते. मी कुणाला न सांगता परत गेले. झाकण सापडलं. मग म्हटलं, ती उभी होती ती जागा तरी जवळून बघू. तो सपाट दगड मधोमध गुळगुळीत झाला होता, पाट्यासारखा खोलगट. कडेच्या पाचोळ्याखाली करडे-पांढरे खडे. मी एक उचलून जिभेला लावला. मीठ.

जाडं मीठ, मिठागरातलं. आम्ही बरणीत भरतो ते.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. ‘वारा बगून येतो’ म्हणजे काय ते कळलं. ती मादी कॅमेऱ्याकडे का बघत नव्हती ते कळलं. ती चाटत होती! अकरा वर्षांचे ते सगळे फोटो, त्या सैल मानेचे, त्या निवांतपणाचे, ज्यांच्यापुढे आमचे फोटो कचरा ठरायचे, ते सगळे मिठावरचे होते. आणि या माणसाने कुळकर्णींना बामासाठी हायवेवर उतरवलं होतं.

मी धापा टाकत त्यांना गाठलं आणि ढेबेला आणि बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं. मूठ उघडून खडा दाखवला. मढवी दचकले वगैरे काही नाहीत.

“बापाची सवय,” ते म्हणाले. “मिठाचा पयला वाफा निघाला की पयली मूठ बांधावर ठेवायचा. जागेला द्यायची. मी बसतो तिथं एक मूठ ठेवतो. आता मिठागर नाय, कुठं ठेवू?”

“एक मूठ? तो दगड झिजलाय, मढवी.”

“अकरा वर्षांचा हाय.”

“आणि सांबरं त्यासाठी येतात.”

“येतात तर येतात.”

“ढेबेला माहितीये?”

ते चालायला लागले. मग म्हणाले, “शिकारी लोक मीठ टाकून बसतात ते मना ठाव हाय. मी बंदूक घेऊन बसत नाय.”

“पण तिला सवय लागलीये. उद्या दुसरं कुणी येऊन बसलं तर?”

“इथं कोन येतंय?”

“मी ढेबेला सांगणार.”

तेव्हा त्यांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. आवाज जरासुद्धा चढला नाही. “सांगा. तो तुमचा फोटो पन मिठावरचाच हाय. पुसा आधी. पुसता?”

मी पुसला नाही. ढेबेलाही सांगितलं नाही. जीपमध्ये बसले, घरी आले, फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला. डाव्या कोपऱ्यात दगडाची कड आणि त्यावर चार-पाच पांढरे ठिपके दिसत होते. एप्रिलमध्ये वाशीला प्रदर्शन होतं. मी डावीकडून फोटो कापला, ठिपके गेले. पहिलं बक्षीस मिळालं.

प्रदर्शनाला मढवी आले होते. माझ्या फोटोसमोर बरीच गर्दी होती, लोक म्हणत होते, किती विश्वास आहे बघा प्राण्याचा! मढवी गर्दी ओसरेपर्यंत थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “डावीकडनं कापलात.”

“हो.”

“बरं केलात.”

एवढी किळस मला कुणाची कधी आली नव्हती. दोघांची मिळून.

मे संपता संपता ढेबेचा फोन आला. “मॅडम, आपली फाटक्या कानाची गेली. कुणी तरी क्लचवायरचा फास लावला व्हता, त्या दगडापाशी. मीठ टाकून.” दोन दिवस अडकली होती म्हणे. वायर मानेत रुतली होती. पिल्लू कुठे दिसलं नाही. आणि वरच्या धनगरवाड्यातल्या कोकरेबाबांना रेंज ऑफिसात आणून बसवलंय. त्यांच्या घरात तसल्याच मिठाचं अर्धं पोतं सापडलं. “म्हसरं हायती त्यांची, मीठ असनारच. पन सायेब म्हनतात, मीठ त्याचं तर फासबी त्याचाच. मॅडम, तुमी लई फोटो काढलेत तिथले, तुमाला कदी कोन दिसलं का हो?”

मी फोन ठेवला आणि मढवींना लावला. ते म्हणाले, “मला पन कळलंय.”

“मग सांगा ना साहेबांना, मीठ तुमचं म्हणून. फास लावणारा दुसराच आहे. त्याने तुमचं मीठ बघूनच लावला असेल.”

“म्हातारा सुटंल चार दिवसांत. गुरांना सगळेच मीठ घालतात.”

“आणि नाही सुटला तर?”

“मी एकदा सांगितलं की माझा पानवठा कायमचा बंद,” ते म्हणाले. माझा पाणवठा! मी शिव्या दिल्या. बँकेत कधी दिल्या नाहीत तसल्या. त्यांनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या आणि मग फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पहाटेच्या बसने निघाले. पिशवीत तो फोटो होता, कापलेला नाही, पूर्ण. रेंज ऑफिसची पायरी चढले तर आत साहेबांच्या समोरच्या खुर्चीत कोण? मढवी! साहेबांनीच बोलावलं होतं, त्या पाणवठ्याचे जाणकार म्हणून. ते साहेबांना शांतपणे समजावून सांगत होते की गुराखी मीठ कुठे कुठे टाकतात आणि रानातली जनावरं त्याला कशी चटावतात. एकही वाक्य खोटं नव्हतं. बाकावर कोकरेबाबा बसले होते, मुंडासं सोडून मांडीवर घेतलेलं. ढेबे भिंतीला टेकून उभा होता.

मी फोटो टेबलावर ठेवला. “हा होळीच्या आधीचा आहे. डावीकडे खाली बघा. तेव्हा पाणवठ्यावर आम्ही पाच जण, मढवी आणि ढेबे, आठवं कुणी नव्हतं. आणि मढवी आधी एकटे पुढे गेले होते.”

साहेबांनी फोटो हातात घेतला, चष्मा लावला. मग ढेबेने बघितला. ढेबेने मढवींकडे ज्या नजरेने बघितलं ती मला शब्दांत सांगता येणार नाही. जाणकार माणसाचं बोलणं मध्येच तुटलं होतं. मग मढवींनी हात पुढे करून फोटो मागून घेतला. पूर्ण फोटो कागदावर ते पहिल्यांदाच बघत होते. बोट ठिपक्यांवर गेलं नाही. मादीवर गेलं, मग पिल्लावर.

“कागद द्या,” ते साहेबांना म्हणाले.

खिशातलं पेन काढलं, दिनांक घातला, विषय घातला, आणि त्यांच्या त्या सुवाच्य सरकारी अक्षरात दोन ओळी लिहिल्या. साहेबांनी त्या मोठ्याने वाचल्या. ‘सदर पाणवठ्यावर गेली अकरा वर्षे मीठ मी ठेवत होतो. मार्चपासून ही बाब सदर मॅडम यांना माहीत होती.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरी ओळ कशाला? मी आले म्हणून हा माणूस कबूल झाला, मी नसते आले तर म्हाताऱ्याला बसवून ठेवलं असतं, आणि मलाच गुंतवतो? मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाकावरून कोकरेबाबांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं काही बसची वेळ विचारतायत:

“बाई, तुमास्नी होळीपास्नं ठावं व्हतं?”

“हो,” मी म्हटलं.

ते मुंडासं बांधायला लागले. साहेबांनी त्यांना जायला सांगितलं. मी मढवींच्या ओळींखाली सही केली. आम्हा दोघांना अभयारण्य कायमचं बंद झालं, चौकशी काय व्हायची ती होईल, ती अजून चाललीय. फास लावणारा सापडलेला नाही.

“आणखी काही लिहायचंय?” साहेबांनी मढवींना विचारलं.

“नाय,” ते म्हणाले. मग ढेबेकडे वळले. “पिल्लू दिसलं?”

ढेबेने टोपी घातली. मढवींनी परत विचारलं. ढेबे खोलीबाहेर निघून गेला.

ऑफिससमोर रस्ता, रस्त्यापलीकडे अभयारण्याचा अडसर, लाल-पांढरा बांबू. एसटीचा थांबा अलीकडेच झाडाखाली. मी थांब्यावर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने मढवी बाहेर आले. थांब्याकडे आले नाहीत. रस्ता ओलांडून अडसरापाशी गेले आणि आतल्या पायवाटेकडे बघत उभे राहिले. कॅमेरा आणला नव्हता, हात नुसते लोंबत होते. चौकीतला माणूस काहीतरी म्हणाला, तसे ते दोन पावलं मागे सरकले आणि परत तिथेच उभे राहिले. ऊन टळटळीत होतं. त्यांच्यासारखा वक्तशीर माणूस, बसची वेळ त्यांना पाठ होती.

पनवेलची गाडी आली. वळणावरूनच हॉर्न वाजवत आली, तरी त्यांनी मान वळवली नाही. पुढची गाडी थेट संध्याकाळी होती. हाक मारायला मला एक क्षण पुरला असता. मी मारली नाही. चढले आणि खिडकीत बसले. कंडक्टरने दोरी ओढता ओढता बाहेर बघितलं.

“ते काका यायचेत का?”

“नाही,” मी म्हटलं. “एक पनवेल द्या.”